हेस्टिंग्जचा एक डाव

आमच्या बालपणी उन्हाळ्याच्या सुटीत, दुपारची जेवणे आटोपली की आजोळच्या ओटीवर बुद्धिबळाचा कापडी पट पसरला जाई. दोन वडील माणसे समोरासमोर बसत आणि चारपाच जण भोवती दाटीने बसून, बोलण्याची सक्त मनाई असताही, हळूच सल्ला देत. त्या डावात प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले. पुढे शाळेत इंग्रजी पद्धतीचा खेळ आला, त्यात प्यादे एकदम दोन घरे जाऊ लागले, राजा व हत्ती एकाच खेळीत जागा बदलू लागले, आणि ओटीवरचा तो जुना खेळ हळूहळू वडीलधाऱ्यांबरोबरच मागे पडला.

ह्या दोन खेळांच्या सांध्यावर उभे राहून ज्याने जगातील एका सर्वश्रेष्ठ खेळाडूस नमविले, त्या पुरुषाची आणि त्याच्या एका डावाची हकीगत ह्या वर्षीच्या स्मरणिकेत द्यावी असे आम्ही योजिले आहे. पुरुषाचे नाव सुलतान खान. त्याच्या समोर बसला होता क्यूबा देशाचा होझे राऊल कापाब्लांका. स्थळ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज हे गाव, आणि काळ १९३०-३१ च्या नाताळ-नववर्षाचा. सुलतान खान आपल्या ज्ञातीचे नव्हेत, प्रांताचेही नव्हेत. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्ही लेखाच्या शेवटी देऊ. आधी हकीगत ऐकावी.

सुलतान खान हे पंजाबातील मिठा टिवाणा गावचे. हा भाग आज पाकिस्तानात आहे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा त्यांचा जन्म. खेळ त्यांना घरातच, वडिलांकडून मिळाला, आणि तो अर्थातच देशी पद्धतीचा होता. तरुणपणीच त्यांची कीर्ती आसपासच्या मुलखात पसरली व ती त्याच भागातील एक मोठे जमीनदार, सर उमर हयात खान टिवाणा, ह्यांच्या कानी गेली. उमर हयात खानांना बुद्धिबळाचा शौक होता. त्यांनी ह्या तरुणास आपल्या आश्रयास घेतले व युरोपीय नियमांनी खेळण्याचे शिक्षण देवविले. १९२८ साली सुलतान खान अखिल भारतीय विजेते झाले. त्या स्पर्धेत नऊ डावांपैकी आठ त्यांनी जिंकले व एक बरोबरीत सुटला.

येथे नियमांतील भेद थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून पुढील पराक्रमाची किंमत कळणार नाही. देशी खेळाचे नियम प्रांताप्रांतांत निरनिराळे असत. परंतु प्याद्याने एकेकच घर चालावे, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी समान होती. युरोपीय किल्लेकोट त्यात नव्हता. त्याऐवजी बहुधा राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. शेवटच्या घरी पोहोचलेल्या प्याद्याचे काय व्हावयाचे ते ज्या घरी ते पोहोचले त्यावर ठरे. हवा तेव्हा वजीर मागता येत नसे. अशा नियमांमुळे देशी डाव सावकाश फुलत असे. पहिल्या पंधरा खेळ्यांत समोरच्याशी झटापट होण्याऐवजी ज्याने त्याने आपापली फौज मांडून घ्यावी, असा तो प्रकार. उलट युरोपात पहिल्या दहापंधरा खेळ्यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले होते, आणि तेथील खेळाडू ते कोळून प्यालेले असत. सुलतान खानांपाशी ते ग्रंथबळ नव्हते. त्यांच्या डावाचा आरंभ पुष्कळदा कच्चा असे. मध्यावर ते सावरत, आणि शेवटाकडे प्रतिपक्षाला त्यांच्यापुढे उभे राहणे कठीण होई.

सर उमर हयात खान १९२९ साली विलायतेत भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासद झाले. त्यांच्या परिवाराबरोबर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सुलतान खानही लंडनला पोहोचले. तेथे विल्यम विंटर व फ्रेडरिक येट्स ह्या दोन नामांकित खेळाडूंनी त्यांचा सराव घेतला. आणि त्याच वर्षी रॅम्सगेट येथे भरलेल्या ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत, परक्या नियमांचा पुरता सराव नसलेला, इंग्रजी भाषेला परका असा हा तरुण पहिला आला! राज्यकर्त्यांच्या देशात जाऊन, त्यांच्याच स्पर्धेत, एका प्रजाजनाने मिळविलेला हा विजय होता. हिंदुस्थानात त्या वेळी स्वातंत्र्याच्या चळवळीस नवी भरती येत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या बातमीचे मोल वेगळे सांगावयास नको.

इंग्लंडची हवा मात्र त्यांना मानवली नाही. हिवतापाने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता, थंडीत घसा व छाती धरे, आणि गळ्याभोवती पट्टी गुंडाळून ते पटाशी बसत असे वर्णन आढळते. बोलणे अगदी थोडे. मुद्रेवर हर्ष नाही, खेद नाही. समोरच्या खेळाडूस पटावर काय चालले आहे ते सुलतान खानांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे.

आता प्रतिपक्षाकडे वळू. कापाब्लांका १८८८ साली हवाना येथे जन्मले. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे सुमारे आठ वर्षे, स्पर्धेच्या डावात त्यांना कोणीही हरवू शकले नव्हते. १९२१ मध्ये इमॅन्युएल लास्करना जिंकून ते जगज्जेते झाले. १९२७ साली ब्युनोस आयर्स येथे अलेखिनकडून त्यांचे पद गेले, तरी त्यांचा दरारा कमी झाला नव्हता. त्यांचा खेळ झऱ्याच्या पाण्यासारखा स्वच्छ, खळखळ न करता वाहणारा. विशेषतः डावाच्या अखेरच्या भागात त्यांच्यासारखा जाणता दुसरा नाही, असे सर्वत्र मानले जाई. हेस्टिंग्जला सुलतान खानांची गाठ पडली ती ह्या पुरुषाशी.

त्या डावात पांढरे मोहरे सुलतान खानांकडे होते. काळ्याने जो बचाव घेतला त्याला युरोपीय ग्रंथांत 'वजिराकडील भारतीय बचाव' असे नाव आहे. ह्या कुळातील बचावांना 'भारतीय' हे विशेषण मिळण्यास एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यास जॉन कॉक्रेनशी खेळणारे महेशचंद्र बॅनर्जी कारण झाले, ही गंमत वाचकांनी लक्षात ठेवावी. हिंदुस्थानातून गेलेली वस्तू युरोपी शिक्का घेऊन एका हिंदी खेळाडूपुढेच मांडली गेली होती.

कापाब्लांकांनी आठव्या खेळीस किल्लेकोट करून आपला राजा सुरक्षित केला. सुलतान खानांनी किल्लेकोट केलाच नाही. संपूर्ण डावात केला नाही. बाराव्या व तेराव्या खेळीत त्यांनी आपला घोडा पुढे घालून काळ्याचा एक उंट टिपला, तेव्हा काळ्याची मधली प्यादी एकामागे एक अशी अडकली. चौदाव्या खेळीस त्यांनी राजाकडील हत्तीपुढचे प्यादे पुढे हाकारले व पुढे शेजारचे घोड्यापुढचे प्यादेही त्याच्या मदतीस धाडले. काळ्यानेही वजिराकडील उंटाच्या उघड्या उभ्या पट्टीत दोन्ही हत्ती एकामागे एक उभे केले. पाहणाऱ्यास वाटावे की आता कापाब्लांकांचा हल्ला सुरू होणार.

आणि तसा तो झालाही. एकविसाव्या खेळीस काळा हत्ती थेट पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत शिरला व त्याने राजास शह दिला. राजा एक घर सरकला, तोच दुसऱ्या हत्तीचा शह आला. ह्या धुमश्चक्रीचे पर्यवसान असे झाले की पांढऱ्याचा वजीर गेला व काळ्याचे दोन्ही हत्ती गेले. चोविसाव्या खेळीनंतर पटावर काळ्याकडे वजीर, उंट व घोडा, तर पांढऱ्याकडे दोन हत्ती व दोन उंट असा हिशेब उरला. प्यादी दोन्हीकडे सात-सात. काळ्याचा वजीर लगोलग पांढऱ्याच्या छावणीत घुसला. एकटा वजीर दोन हत्तींना भारी की दोन हत्ती वजिराला भारी, हा प्रश्न बुद्धिबळात जुना आहे. त्याचे उत्तर एवढेच की ते पटावरील मोकळीकीवर अवलंबून असते. वजिराला मोकळे मैदान व उघडा पडलेला राजा मिळाला तर तो शहावर शह देऊन प्रतिपक्षास जेरीस आणतो. पण प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला असेल, तर त्याच्या वेगाला वाव राहत नाही. उलट एकमेकांस जोर देणारे दोन हत्ती एकाच जागी दोनदा वार करू शकतात.

कापाब्लांकांचा हिशेब नेमका येथे चुकला असे आम्हास वाटते. पांढऱ्याचे उंट व प्यादी अशी बसली होती की वजिराला शह देण्यास जागाच सापडेना. काळ्याचा उरलेला उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला होता, घोडा मागच्या रांगेत एका दुर्बळ प्याद्याची राखण करीत बसला होता. सुलतान खानांनी दोन्ही हत्ती उंटाच्या उघड्या पट्टीत आणले, एक प्यादे पुढे करून वजिराला मागे रेटले, आणि मग त्यांनी जे केले ते पाहून त्या काळच्या प्रेक्षकांना कदाचित जांभया आल्या असतील. त्यांनी काहीच केले नाही, असे वरवर वाटावे! छत्तिसाव्या खेळीपासून पुढे पंधरासोळा खेळ्यांत त्यांचा राजा कोपऱ्याकडे सरकला, पुढे आला, मागे गेला, थेट कोपऱ्यातील घरात जाऊन बसला व परत बाहेर आला. काळ्याचा वजीर तेवढा वेळ राजाकडील हत्तीच्या पट्टीत दोन घरांमध्ये प्रामुख्याने येरझारा घालीत होता.

ही टाळाटाळ नव्हती. ज्याची बाजू बंद झाली आहे त्याला काही करता येत नाही, आणि काहीतरी केल्यावाचून राहवतही नाही. त्या अस्वस्थतेची सुलतान खान वाट पाहत होते. मध्यंतरी त्यांनी एकेक प्यादे पुढे सरकवून काळ्याचे राहिलेसाहिले दरवाजे बंद केले. देशी खेळात एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांनी त्यांना जे शिकविले होते, ते येथे उपयोगी पडले असावे, हा आमचा तर्क आहे. त्याला पुरावा मागू नये.

शेवटी बावन्नाव्या खेळीस काळ्याचा उंट आपल्या जागेवरून हलला. तो ज्या घरावर नजर ठेवून होता ते घर त्यामुळे मोकळे झाले, आणि पुढच्याच खेळीस पांढऱ्याचा हत्ती त्या घरात, काळ्याच्या छावणीच्या ऐन मध्यात, येऊन बसला. एवढ्या वेळ जी वाट पाहिली ती ह्या एका पावलासाठी. मग सुलतान खानांनी राजाकडील एक प्यादे बेदिक्कत सोडून दिले व एकसष्टाव्या खेळीस वजिराकडील घोड्याच्या पट्टीतले काळे प्यादे मारले. त्यांचे स्वतःचे प्यादे त्या वाटेने सहाव्या घरी पोहोचले. पुढे दोन घरे, की त्याचा वजीर! हत्ती त्याच्या पुढे, उंट त्याच्या पाठीशी. पासष्टाव्या खेळीनंतर कापाब्लांकांनी डाव सोडला. जो पुरुष डावाच्या अखेरीचा जाणता म्हणून जगभर मानला जाई, त्याला सावकाश, एकही दिपवणारी खेळी न करता, अखेरीतच हरविले गेले होते.

त्या स्पर्धेत हॉलंडचे मॅक्स युवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. पुढील दोन-तीन वर्षे हा त्यांच्या आयुष्याचा मध्यान्हकाळ होय. १९३१ मध्ये त्यांनी तार्ताकोव्हर ह्या नामांकित खेळाडूस बारा डावांच्या सामन्यात साडेसहा विरुद्ध साडेपाच असे जिंकले. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर बसून रुबिनस्टाइन व फ्लोर ह्यांना हरविले, आणि त्या वेळचे जगज्जेते अलेखिन ह्यांच्याशी बरोबरी केली. १९३२ व १९३३ मध्ये ते पुन्हा ब्रिटिश विजेते झाले. १९३३ साली स्त्रियांचे ब्रिटिश अजिंक्यपदही उमर हयात खानांच्याच परिवारातील फातिमा नावाच्या तरुणीने जिंकले. एका परिवारातील दोघांनी एकाच वर्षी दोन्ही पदे न्यावीत, ही घटना विरळाच.

परंतु नाण्यास दुसरी बाजू होती. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन ह्यांनी लिहून ठेवले आहे की १९३३ साली त्यांच्या संघास सर उमर हयात खानांनी लंडनला भोजनास बोलाविले, तेव्हा पाहुण्यांना वाढण्याचे काम सुलतान खानांकडे होते. ज्याच्याशी पटावर बरोबरीने बसावयाचे, त्याच्याच हातून ताटात वाढून घेताना त्या पाहुण्यांना संकोच झाला. ह्या व अशा गोष्टींवरून सुलतान खान निरक्षर होते, गुलामवजा नोकर होते, अशी वर्णने अनेक पुस्तकांतून फिरत राहिली. त्यांच्या नातीने अलीकडच्या काळात ह्यास जाहीर हरकत घेतली आहे. आपले आजोबा शिकलेसवरलेले, प्रतिष्ठित घराण्यातील, स्वतःची जमीन असलेले गृहस्थ होते, असे तिचे म्हणणे. आम्हास वाटते, घरच्यांचे म्हणणे आदराने ऐकावे. परदेशी पाहुण्याच्या डोळ्यांस पूर्वेकडील प्रत्येक आश्रित हा नोकरच दिसतो, आणि घरच्यांना आपल्या पूर्वजाची मान खाली गेलेली पाहवत नाही. दोन्ही गोष्टी मनुष्यस्वभावास धरूनच आहेत. मात्र एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य व्हावी. सुलतान खानांनी कोठे जावे, केव्हा खेळावे आणि केव्हा थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार मुख्यतः दुसऱ्याच्या हाती होता.

१९३३ च्या डिसेंबरात उमर हयात खान स्वदेशी परतले, आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले. ऐन बहरात आलेल्या खेळाडूची युरोपातील कारकीर्द पाच वर्षेही पुरी न होता संपली. येथे आम्हा मराठी वाचकांचा ह्या कथेशी एक धागा जुळतो. १९३५ साली सुलतान खानांचा दहा डावांचा एक सामना झाला, तो व्ही. के. खाडिलकर ह्या आपल्या मराठी खेळाडूशी. खाडिलकरांना त्यात एकच डाव बरोबरीत सोडविता आला. उरलेले नऊ सुलतान खानांनी जिंकले. पराभवाची ही आठवण आम्ही संकोचाने देत नाही. ज्याने कापाब्लांकांना नमविले त्याच्यासमोर दहा वेळा पटाशी बसणे हाही एक मानच होय. त्या सामन्यानंतर बुद्धिबळाच्या जगास सुलतान खानांचे नाव पुन्हा ऐकू आले नाही.

पुढे फाळणी झाली. सुलतान खान आपल्या मुलखात शेतीवाडी सांभाळून राहिले. मुलांना त्यांनी हा खेळ शिकविला नाही. आयुष्यात याहून काही उपयोगाचे करा, असे ते मुलांना सांगत, अशी त्यांच्या चिरंजीवांची आठवण आहे. १९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ग्रँडमास्टर ही पदवी प्रथम दिली, तेव्हा जुन्या पराक्रमाबद्दल रुबिनस्टाइनसारख्यांचा गौरव झाला. परंतु रुबिनस्टाइनना जिंकणाऱ्या सुलतान खानांची आठवण कोणास झाली नाही. १९६६ च्या एप्रिलमध्ये क्षयाने त्यांचे देहावसान झाले. अखेर २०२४ च्या फेब्रुवारीत फिडेने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर पद दिले. मृत्यूनंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी!

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. ह्या कथेत उमर हयात खानांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांचा शौक नसता तर सुलतान खान मिठा टिवाण्याबाहेर कोणास ठाऊक झाले नसते, आणि हेस्टिंग्जचा तो डाव खेळलाच गेला नसता. गुणास आश्रय लागतो, हे खरेच आहे. परंतु त्यांचा आश्रय हा धन्याचा आश्रय होता. धनी विलायतेस गेला तेव्हा गुण विलायतेस गेला. धनी परतला तेव्हा गुणही परतला. देणाऱ्याने पट दिला, मोहरे दिले, फक्त पुढची खेळी ठरविण्याचा हक्क तेवढा दिला नाही.

ज्ञातिसंस्था ह्याही आश्रय देण्यासाठीच निघालेल्या असतात. विद्यार्थ्यांस फी, पुस्तके, राहावयास जागा, हे आपल्या पूर्वसूरींनी पदरमोड करून उभे केले. तेव्हा आपण जेव्हा एखाद्या मुलामुलीस मदतीचा हात देतो, तेव्हा तो आश्रय धन्याचा आहे की आप्ताचा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने व प्रत्येक कार्यकारी मंडळाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. मुलाने अमुकच शिकावे, मुलीने अमुक गावीच राहावे, नाव आमचे निघावे, अशा अटी मदतीच्या पोटात दडलेल्या असतील, तर आपणही पट देऊन खेळी हिरावून घेत आहोत.

काळ पालटत आहे, ही आनंदाची गोष्ट. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम झुंज दोन भारतीय खेळाडूंत झाली. नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हम्पी ह्या थोर खेळाडूस जलद डावांत जिंकून तो चषक मिळविला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तो मान तिला त्याच दिवशी, तिच्या हयातीत, तिच्या हाती मिळाला. सुलतान खानांच्या वाट्यास हे आले नाही.

आजोळच्या त्या ओटीवर, डाव हातचा जाऊ लागला की एखादे वडील माणूस म्हणे, घाई करू नकोस, पट पुन्हा एकदा पाहा. हेस्टिंग्जला पासष्ट खेळ्या सुलतान खानांनी हेच केले. ज्यांच्या घरी अद्याप जुना पट व मोहरे असतील त्यांनी ते ह्या सुटीत खाली काढावेत, मुलांना समोर बसवावे, आणि खेळी मात्र त्यांची त्यांना करू द्यावी.